उष्टी मोटर

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी पेणजवळच्या जिते गावच्या शाळेत हजेरी घेत होते. वहिनीचा फोन आला. “वन्सं, लगेच निघा,” एवढंच ती बोलली आणि फोन शेजारणीच्या हातात गेला. सकाळी दाढी करता करता तो खाली बसला तो बसलाच, असं त्या बाईंनी सांगितलं. शाळेतल्या एका सरांनी मला त्यांच्या गाडीतून रोह्याला पोहोचवलं. वाटेत हातातला मोबाइल सारखा थरथरत होता. रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांच्या शर्यती लावणाऱ्या रोहा-पेणच्या हौशी मंडळींचा ग्रुप. त्यातून दादाला त्यांनी कधीच काढून टाकलं होतं. मला काढायचं कुणाच्या लक्षात राहिलं नसावं. जोडलेले हात, पणतीचं चित्र, ‘एक तारा निखळला’, पुन्हा जोडलेले हात… मध्येच वरचं काही न वाचता कुणीतरी टाकलेलं गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. आणि त्याखाली पेणच्या दातांच्या डॉक्टरांचा निरोप : ‘दादांकडे स्टॉकच्या मोटरी बऱ्याच असणार. वहिनींनी काढायच्या ठरवल्या तर मला आधी सांगावं. उगाच पडून राहायला नकोत.’ दादाला अजून घरातून उचललंही नव्हतं.

आता काही आठवडे उलटलेत. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन हळवं व्हावं, त्याचे गुण आठवावेत, चार लोकांचे आभार मानावेत, अशी रीत आहे. मला ते जमत नाही. लिहायला बसलं की तो निरोप आठवतो, आणि गळ्याशी काहीतरी आंबट येतं. दादालाही असंच व्हायचं. त्याच्या स्वभावातली ठळक गोष्ट कुठली, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, किळस. लहानपणी आम्ही अर्धं खाऊन पुढे केलेलं बोर त्यानं कधी तोंडात घातलं नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी स्वतःच्या पानातली जिलेबी उचलून त्याला वाढली की तो ताटावरून उठायचा. आई म्हणायची, “ह्याला उष्टं चालत नाय, देवानं चुकून राजाच्या घरचा पाठवलाय आमच्याकडं.” पण हा सोवळेपणा माणसांचा नव्हता. ज्या मित्राबरोबर, खलीलबरोबर, तो एका डब्यातून जेवायचा, एका ताटात भाकरी मोडायचा, त्या खलीलबद्दल कुणी तोंड वाकडं केलं तर त्याला त्या वाकड्या तोंडाची किळस यायची. खाल्लेलं पुढं सरकवणं आणि वर ते ताजं म्हणून सांगणं, हे त्याला सोसत नसे. मग ते बोर असो, भाषण असो नाही तर मोटर.

दादा, म्हणजे विश्वास, रोह्याला एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिकल विभागात होता. खलील कुंडलिका नदीच्या काठच्या एका गावातला. बरीच वर्षं आखातात एसीची कामं करून तो परतला आणि रोह्यात दुकान टाकलं. कंपनीतले एसी दुरुस्त करायला आला तेव्हा दोघांची ओळख झाली. तिकडून येताना लोक टीव्ही आणतात, ब्लँकेटं आणतात. खलीलनं सामानात घालून हातभर लांबीच्या दोन गाड्या आणल्या होत्या. तिकडे त्याचा साहेब सुट्टीच्या दिवशी अशा गाड्यांच्या शर्यतीला जायचा आणि खलीलला बरोबर न्यायचा. कासू गावाजवळ एका बंद पडलेल्या भातगिरणीचं सिमेंटचं खळं आहे. तिथं जुने पाइप आडवे टाकून दोघांनी वळणावळणांचा रस्ता आखला आणि रविवारी गाड्या पळवायला लागले. बघे जमले, बघ्यांनी गाड्या घेतल्या. पेणचे डॉक्टर आले, बांधकामांना खडी-रेती पुरवणारा तुषार आला, बँकेतला एक नवा कारकून आला. माझं काम वळणावर उभं राहायचं. गाडी उलटली की ती सरळ करून द्यायची. साडीचा पदर खोचून मी ते केलं, आणि मला ते आवडायचं, हे इथं सांगून टाकते.

सुरुवातीला ज्याला जशी परवडेल तशी मोटर तो लावायचा. मग खर्चाची चढाओढ लागली, म्हणून सगळ्यांनी ‘स्टॉक’ शर्यत ठरवली. स्टॉक म्हणजे प्रत्येकाच्या गाडीत एकाच ताकदीची मोटर. जिंकायचं ते हातानं. दादानं मला समजावलं होतं ते असं : या मोटरी ब्रशलेस. जुन्या मोटरीत कार्बनचे तुकडे घासून झिजत, हिच्यात घासणारं काही नाही. बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे आणि मध्ये फिरणारा लोहचुंबक. वेढे कमी, तर मोटर पळणार जास्त आणि तापणारही जास्त. सगळ्यांचे वेढे सारखे ठेवले की झालं. पण तसं होत नाही. एकाच डब्यातून आलेल्या दोन मोटरी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात आणि धावताना एक पुढे जाते. डॉक्टरांनी हे लवकर हेरलं. ते पाच-सहा मोटरी मागवायचे, यंत्रावर मोजायचे, सगळ्यात जोरकस ती स्वतःला ठेवायचे, आणि उरलेल्या पुन्हा डब्यात घालून, वर पारदर्शक कागद चिकटवून, नव्यानं आलेल्यांना ‘अगदी कोरी’ म्हणून द्यायचे. त्या बँकेतल्या कारकुनाला तशी एक मिळाली. बिचारा दर रविवारी शेवटून पहिला येई आणि स्वतःच्या बोटांना दोष देई. एकदा दादानं त्याची मोटर हातात घेतली, तारा जोडायच्या टोकांवर आधीच्या डाखाचा, म्हणजे सोल्डरिंगचा, चिकटा दिसला, आणि तो एकदम खळ्याच्या कडेला जाऊन थुंकला.

“उष्टी हाय ही,” तो म्हणाला. “चाटून, नको झाली म्हणून वाढलीय ह्याला.”

डॉक्टर हसले. “अहो, सगळीकडे असंच करतात.”

“सगळीकडं हागतात पण, म्हणून ताटात नाय कुणी…” दादानं पुढचं गिळलं. मी उभी होते म्हणून. पण त्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर मांडलं : मोटरी ग्रुपनं एकत्र आणायच्या, पिशवीत घालायच्या, चिठ्ठीसारख्या उचलायच्या. ज्याच्या हाताला जी येईल ती त्याची, वर्षभर. लोकांना लाजेकाजेस्तव हो म्हणावं लागलं. कुठली मोटर आणायची ते ठरवायचं काम त्याच्याच गळ्यात पडलं.

तो पावसाळा दादानं त्यात घालवला. वेगवेगळ्या ठिकाणच्या मोटरी आणून तो टेबलावर फिरवत बसे. डाखाचा धूर त्याला सोसत नसे, म्हणून भर पावसातही टेबलापाशी खिडकी उघडी असे. एक मोटर जळाली तेव्हा घरभर रोगणाचा असा कडवट वास पसरला की वहिनीनं भाताचं पातेलं उचलून शेजारी नेलं. बहुतेकांना साडेसतरा वेढ्यांची हवी होती, कारण ती पळते. दादाचं म्हणणं, एवढ्याशा खळ्यावर साडेसतराचा वेग वायाच जाईल, आणि उन्हात ती तापली की चुंबक कमजोर होतो. मग ज्याला दर दोन महिन्यांनी नवी घेणं जमतं तोच पुढे राहील. काही मोटरींचं मागचं झाकण जरासं फिरवलं की वेग वाढतो. तशी मोटर तर त्याला डोळ्यासमोर नको होती. “ब्रश गेले, पण लोकांची घासाघीस नाय गेली,” असं म्हणत त्यानं शेवटी साडेएकवीस वेढ्यांची एक साधी, थंड डोक्याची मोटर निवडली, जिचं झाकण घट्ट बसवून त्यावर खूण करता येईल. खूण करायला आणि आकडा टाकायला माझी नेलपॉलिश वापरली. तुषार म्हणाला, “ही काय मोटर? बैलगाडी हाय.” दादा म्हणाला, “मग बैल हाकून दाखव.”

वाटपाच्या आधी त्यानं प्रत्येक मोटर मोजली. ज्या फारच मागे होत्या त्या परत पाठवल्या. पण एक निघाली ती बाकीच्यांहून सरस. त्या दिवशी मी आणि वहिनी जेवायला बसलो होतो, तो हात न धुताच आत आला. “एक लय गोड हाय गो,” असं बायकोला म्हणाला, आणि लगेच त्याचा चेहरा कडू झाला. मी म्हटलं, एवढी पुढे आहे तर बाजूला काढून ठेव. तो म्हणाला, “काढून ठेवली तर ती कुणाकडं राहणार? माझ्याकडं. मग मी न् डॉक्टर सारखेच की! नाय. जाऊ दे पिशवीत. ज्याचं नशीब त्याची.” पिशवी मी धरली होती. वाल ठेवायची, कापडी. एकेकानं हात घातला. ती गोड मोटर खलीलच्या हाताला लागली. दादानं खुणेचा आकडा पाहिला आणि मान दुसरीकडे वळवली. त्याच्या स्वतःच्या वाट्याला आलेली अगदीच बेताची होती.

खलीलचा हात मुळातच चांगला. त्यात ही मोटर. तो जिंकायला लागला आणि जिंकतच राहिला. पहिले काही रविवार टाळ्या झाल्या, मग टाळ्या विरळ झाल्या, मग चहाच्या टपरीवर कुजबुज. एकदा दादा आणि मी भजी घेऊन बाकावर बसलो होतो. पाठीमागे तुषारचा आवाज आला, “तिकडनं आतला चुंबक बदलून मागवला असंल. त्या लोकांचं काय सांगता येतंय?” आणि डॉक्टर, शिकलेले, पेणमध्ये ज्यांच्या दवाखान्यात खलीलच्या गावचे निम्मे लोक जातात ते डॉक्टर, “हं… म्हणजे, शक्य आहे,” असं म्हणाले. दादानं तोंडातलं भजं हातात काढलं. कागदात गुंडाळलं. पुढे कित्येक दिवस त्यानं त्या टपरीचं काही खाल्लं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी मागणीच केली, खलीलची मोटर उघडायची. खलीलनं गाडी उचलून टेबलावर आणली.

“उघडा,” तो म्हणाला. “पण हितं, सगळ्यांच्या म्होरं उघडा. आणि नाय काय निघालं तर तसं मोठ्यानं बोलायचं.”

नेलपॉलिशची खूण शाबूत होती. डॉक्टरांनी स्वतः झाकण उघडलं, चुंबक काढला, दुसऱ्या मोटरीतल्या चुंबकाशी मोजून पाहिला. सारखा. वेढे सारखे. तार सारखी. कुणी मोठ्यानं काही बोललं नाही. तुषार एवढंच पुटपुटला, “मग पळती कशी इतकी?”

तेव्हा दादा बोलला. “मी सांगतो. ती मुळातच चांगली हाय. पिशवीत घालायच्या आधी मी मोजलीवती, मला ठाऊक व्हतं. ज्याच्या हाताला लागली असती तो जिंकला असता. खलीलच्या हाताला लागली. बास.”

मला वाटलं होतं, आता तरी लोक शरमतील. झालं उलटंच. “म्हणजे सेटिंग होतं!” तुषार ओरडला. “दोघं मिळून आम्हाला येडं बनवत व्हते!” ज्यांनी वर्षभर उष्ट्या मोटरी विकल्या ते डॉक्टर म्हणाले, “विश्वासराव, हे नैतिक नाही हो.” नैतिक! तो शब्द त्यांच्या तोंडातून ऐकताना मला दातांतली कीड दिसल्यासारखं झालं. बँकेतला कारकूनसुद्धा, ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं तो, खाली मान घालून गाडीची चाकं पुसत बसला.

पण दादाला खरा चटका बसला तो खलीलकडून. सगळे आपापल्या गाड्यांपाशी गेल्यावर खलील त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. “तुला पहिल्यापासनं ठाऊक व्हतं?”

“व्हय.”

“मग मी जिंकलो ते काय? मी घरी जाऊन पोरींना सांगायचो, बापाचा हात बघा. आणि तू बाजूला उभा राहून…” त्यानं गाडी काखेत घेतली. “त्यांनी मला चोर म्हटलं, ते मी थुकून टाकीन. तू मला खेळणं केलंस, विश्वास.”

तो निघून गेला. त्याच आठवड्यात दादाला ग्रुपमधून काढलं, आणि खलील स्वतःहून बाहेर पडला. दोघांचं बोलणं बंद. दादा कामावरून आला की टेबलाशी नुसता बसायचा. वहिनीनं एकदा विचारलं, “सांगून टाकायचं व्हतं ना खलीलभाईंना आधीच?” तो म्हणाला, “सांगितलं असतं तर त्यानं ती वापरली नसती. परत दिली असती. मग परत माझ्याच हातात ती.” त्याला त्याच्या न्यायाचा रस्ता सगळीकडून बंद झालेला दिसत होता. आपण बरोबर होतो, आणि तरीही आपल्या मित्राच्या तोंडचा घास आपण उष्टा केला, हे दोन्ही त्याला दिसत होतं. त्या दिवसांत त्याला स्वतःचीच किळस येत असावी. आरशात बघून दाढी करणंसुद्धा त्यानं सोडलं होतं.

हिवाळ्यात एका रविवारी मी रोह्याला गेले होते. दादा म्हणाला, चल. स्वतःच्या गाडीतली मोटर सोडवून त्यानं शर्टाच्या खिशात टाकली आणि आम्ही खलीलच्या दुकानात गेलो. खलील एसीची जाळी धूत होता. दादानं मोटर काउंटरवर ठेवली. “ही माझी. बेक्कार हाय. तुझी मला दे, ही तू लाव. चल कासूला.”

खलीलनं हात पुसले. मोटर उचलून तिच्यावरचा आकडा पाहिला. “आणि हरलो तर?”

“तर हरलास. पण तुझाच हात हरला म्हणून कळंल तरी.”

खळ्यावर त्या दिवशी आम्ही तिघंच. मी वळणावर. पहिली शर्यत दादानं मारली, दुसरीही. गोड मोटर ती गोडच. खलीलचे ओठ घट्ट झाले होते. तिसऱ्या खेपेला त्यानं वेग सोडला आणि वळणं धरली. माझ्या पायापाशी पाइपाला चाटून गाडी आतल्या बाजूनं काढली आणि शेवटपर्यंत दादाला पुढे जाऊ दिलं नाही. गाडी थांबली तसा तो माझ्याकडे वळून ओरडला, “ताई, बघितलंव? ही माझी! ही एक माझी!” दादा हसला. अंगात ताप असलेला माणूस घाम फुटल्यावर हसतो तसं. मग दोघांनी तिथंच ठरवलं, दर वेळी मोटरी बदलायच्या. पुढे कुणाची कुठली हे दोघंही विसरले असतील. मी त्यांचा तेव्हाचा एक फोटो काढला. खलीलचा हात दादाच्या खांद्यावर.

तो फोटो मी कौतुकानं ग्रुपवर टाकला होता. गेल्या आठवड्यात तो मला परत दिसला. ग्रुपवर पत्रक आलं : ‘कै. विश्वासदादा स्मृती चषक. खुला गट. मोटर कोणतीही चालेल.’ वर तुषारचा आणि डॉक्टरांचा कोटातला फोटो, मध्ये दादा. खलीलला कापून टाकलेलं. पण कापणाऱ्याचा हात चुकला. दादाच्या खांद्यावर चार बोटं तशीच राहिली होती. ती कुणाची, हे न सांगता येणारी, कुठून आली ते न कळणारी चार बोटं. खाली मला निमंत्रण : ताईंच्या हस्ते बक्षीस वितरण. मी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. मोटर कोणतीही चालेल… ज्या एका गोष्टीसाठी त्यानं एवढं सोसलं, तिच्यावर थुंकून वर त्याचं नाव लिहिलं होतं. मी उत्तर पाठवलं, ‘येणार नाही. माझ्या भावाचं नाव काढून टाका. खांद्यावरच्या बोटांचं नाव खलील आहे.’ नंतर मी आपणहून ग्रुप सोडला. पत्रक त्यांनी बदललं नाही, असं कळलं.

परवा संध्याकाळी रोह्याला गेले. दादाच्या खोलीत दिवा होता. टेबलाशी खलील बसला होता. दुकान बंद करून हल्ली तो येतो, म्हणे. एका गाडीच्या तारा तो डाख देऊन जोडत होता. पलीकडच्या खुर्चीत वहिनी निवांत बसली होती. दोघंही फार बोलत नव्हते. तापलेल्या डाखाचा बारीक धूर वर येऊन खिडकीकडे वळत होता, आणि त्याच खिडकीतून डास आत येत होते. दोघांच्या पायांवर चावल्याच्या गांधी उठल्या होत्या. मी उठून म्हटलं, “वहिनी, खिडकी लावून घेते.”

“नको वन्सं,” वहिनी पटकन म्हणाली. “ह्यांना धूर सोसत नाय.”

खलीलनं मान वर केली नाही. त्यानं फक्त खुर्ची थोडी बाजूला घेतली, खिडकीची वाट मोकळी राहावी म्हणून.